मुकादम कोण, हे तपासताना

डॉ. नसीमा मुलाणी यांना मी प्रथम पाहिले ते संशोधक विद्यार्थी निवडण्याच्या दिवशी. सोलापुरातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत आम्ही चौघे उमेदवार होतो. मॅडमनी आमची प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. काचेवर लांबट, शेपटी असलेले एकपेशीय परजीवी होते. एका ठिकाणी दोन शेपट्या शेजारी शेजारी दिसत होत्या. ही एकच पेशी दुभंगते आहे की दोन पेशी चिकटल्या आहेत, असा प्रश्न होता. तिघांनी उत्तर दिले. मी म्हणाले, "नुसतं बघून सांगता येणार नाही. केंद्रक रंगवून बघावं लागेल."

मॅडमनी वर पाहिले नाही. "सोमवारी या," म्हणाल्या. निवड आधीच ठरलेली असणार आणि हे वाक्य दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून असणार, अशी माझी समजूत झाली. सोमवारी मी गेले ती खात्री करून घ्यायला.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला त्यांच्या 'मुकादम' या शोधाविषयी लिहायला सांगितले आहे. गौरवग्रंथांतील लेखांवर माझा फारसा विश्वास नाही. त्यांत सगळेच थोर असतात. म्हणून मी स्वतः पाहिले तेवढेच लिहिते.

मॅडम मूळच्या मंद्रूपच्या. व्याख्यानात त्या प्रमाण मराठी बोलतात. प्रयोग बिघडला की मंद्रूपची मराठी सुरू होते. त्यांनी आयुष्यभर काळा आजार घडवणाऱ्या परजीवींच्या कुळाचा अभ्यास केला. आमच्याकडे वाढतात ते याच कुळातले, पण पालीच्या अंगात राहणारे आणि माणसाला अपाय न करणारे. अशी पेशी दुभंगण्याआधी तिच्यातली कामे ठरावीक क्रमाने व्हावी लागतात. शेपटी दुसरी फुटते, केंद्रके दोन होतात, मग पेशी उभी चिरली जाते. हा क्रम प्रथिने सांभाळतात. त्यांतले एक प्रथिन मॅडमनी शोधले. एका रसायनाने त्याचे काम थांबवले की परजीवी दुभंगायचे थांबत. उसाच्या टोळीला मुकादमाने हाक दिल्याशिवाय कोयता चालत नाही, तसे हे प्रथिन, म्हणून प्रयोगशाळेत त्याचे नाव 'मुकादम' पडले. मॅडमची ख्याती या शोधावर उभी होती.

त्यांच्या मायेविषयी एक प्रसंग सांगते. माझी आई रुग्णालयात होती तेव्हा मी काही दिवस येऊ शकले नाही. परजीवींना वेळच्या वेळी ताजे पोषकद्रव्य द्यावे लागते, नाहीतर ते मरतात. परतले तेव्हा माझे परजीवी जिवंत होते. कोणी हात लावला हे बाटलीवर लिहिलेले नव्हते, म्हणून मी ते सगळे फेकून दिले. सचिन माने हे माझे सहसंशोधक कपाळाला हात लावून म्हणाले, "रेणुका, अगं, मॅडम रविवारीसुद्धा येत होत्या त्यासाठी."

मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "मीच लिवायला पायजे हुतं. फेकलंस ते बरोबर केलंस. आई कशी हाय?"

या गोष्टीनंतर मॅडमविषयीचा माझा संशय कमी व्हायला हवा होता. तसे झाले नाही, याला कारण माझे पुढचे काम.

प्रबंधासाठी मला मुकादमाचे जनुकच काढून टाकायचे होते. मॅडमच्या काळी ते तंत्र उपलब्ध नव्हते, म्हणून त्या रसायनावर अवलंबून होत्या. जनुक गेले की प्रथिन नाही, आणि प्रथिन नाही तर विभाजन नाही, अशी अपेक्षा होती. मी जनुक काढले. परजीवी मजेत दुभंगत राहिले. मग त्याच परजीवींना मी ते जुने रसायन दिले. ते थांबले. मुकादम जागेवर नसतानाही थांबले. याचा अर्थ एवढाच होता की रसायन भलत्याच कोणाला तरी अडवत होते आणि श्रेय मुकादमाच्या नावावर चढले होते.

मी छायाचित्रे मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती एकदा पाहिली, पुन्हा पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. "ठेव हितंच," म्हणाल्या. नंतर कित्येक आठवडे त्या विषयावर एक शब्द नाही. मी विचारले तर "बघते की" एवढेच उत्तर. माझा प्रबंध या निष्कर्षावर अवलंबून होता, आणि निष्कर्ष ज्यांच्या टेबलावर पडला होता त्यांची कीर्ती त्याने कोसळणार होती. मी छायाचित्रांच्या प्रती भवानी पेठेतल्या आमच्या घरी नेऊन ठेवल्या.

पुढे गोष्टी जास्तच विचित्र होत गेल्या. परजीवी गोठवून ठेवलेल्या माझ्या नळ्यांपैकी काही शीतपेटीतून नाहीशा झाल्या. चहाच्या टपरीवर मी पोचले की विभागातल्या लोकांचे बोलणे थांबे आणि कोणीतरी उन्हाळ्याचा विषय काढी. एक दिवस मॅडमनी मला करमाळ्याच्या महाविद्यालयात व्याख्यान द्यायला पाठवले. "मीच का?" मी विचारले. "तुला येतंय म्हणून," त्या म्हणाल्या. व्याख्यान मी दिले, पण सगळा वेळ माझे लक्ष शीतपेटीकडे होते.

दुसऱ्या दिवशी परतले तर प्रयोगशाळेत सगळे जमलेले. टेबलावर काचपट्ट्या मांडल्या होत्या. नावे चिकटपट्टीने झाकलेली, वर फक्त आकडे. कोणत्या आकड्याखाली काय आहे हे एकट्या सचिन माने यांना माहीत होते. माझ्या नळ्या त्यांनीच नेल्या होत्या आणि परजीवी पुन्हा वाढवले होते. मॅडम म्हणाल्या, "एका सूक्ष्मदर्शकावर तू, दुसऱ्यावर मी. एकमेकींचं बघायचं न्हाय."

आम्ही दुभंगणाऱ्या पेशी मोजल्या. मग सचिननी चिकटपट्ट्या सोलल्या. दोघींची मोजणी जुळली. मुकादम नसलेल्या पेशी दुभंगत होत्या, आणि रसायन दिले की मुकादम नसतानाही थांबत होत्या. 

"ह्यो मुकादमच न्हवं," मॅडम म्हणाल्या. "इतकी वर्सं भलत्यालाच सलाम ठोकत बसलो की आपण."

त्यांच्यासह सगळे हसले. मी हसले नाही, कारण शोधनिबंध अजून लिहायचा होता. त्याच्या मसुद्यात मी अदबीने लिहिले की पूर्वीच्या निष्कर्षाचा फेरविचार व्हावा. मॅडमनी ते वाक्य खोडले. "फेरविचार कसला? चुकला म्हण." मी 'आमचा पूर्वीचा निष्कर्ष चुकला' असे केले. त्यांनी 'आमचा' खोडून स्वतःचे नाव घातले. "तवा तू शाळंत हुतीस," म्हणाल्या. निबंध त्याच वाक्यानिशी प्रसिद्ध झाला आणि माझा प्रबंधही मान्य झाला.

इथे थांबले असते तर हा लेख इतर लेखांसारखाच झाला असता. परंतु मधले ते आठवडे मला पटत नव्हते. तपासायला एवढा वेळ लागत नाही. तेव्हा लेखाची परवानगी मागायला गेले असताना मी सरळ विचारले, "मॅडम, तेव्हा तुम्ही खरंच तपासत होता, की दाबायचा विचार होता?"

त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला नाही. "दोन्ही," म्हणाल्या. "आधी दाबायचाच इच्यार हुता. ह्यात काय तरी खोट असंल, बघू पुढच्या वर्षी, असं मनाला सांगत बसले. मग वाटलं, आपलं काय खरं न्हाय. म्हणून सचिनला सांगितलं, नळ्या काढ, वाढव, आणि कशासाठी तेबी सांगितलं."

"सचिनलाच का?"

"त्याच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय? चार दिसांत सगळ्या विभागाला म्हायती झालं. मग मला मागं फिरायला वाटच न्हाय ऱ्हायली."

"मला नव्हतं माहीत."

"तुला कोण सांगणार, बाई? तुला टपरीवर बघितलं की लोक उन्हाळ्याचं बोलतात."

 मग विचारले, "आणि करमाळा?"

"ते मातूर खरंच तुला येतंय म्हणून."

हे उत्तर मी अद्याप पूर्णपणे मान्य केलेले नाही. बाकीचे मात्र मानते. अनेक मोठ्या माणसांना आपल्या प्रामाणिकपणाची खात्री असते. मॅडमना स्वतःच्या प्रामाणिकपणाविषयी शंका आली, आणि त्यांनी काचपट्टीविषयी शंका आल्यावर करतात तेच केले: दुसऱ्याच्या हातून तपासणी करून घेतली. मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकले; त्यांतले हे मला सर्वांत अवघड वाटते. हे सगळे छापू का, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "छाप की. न्हाय छापलंस तर मीच संपादकांना फोन करीन."

रसायन ज्याला खरोखर अडवत होते ते प्रथिन गेल्या वर्षी मला सापडले, असा माझा दावा आहे. मॅडमचा त्यावर विश्वास नाही. निवृत्तीनंतर एका खुर्चीची आणि एका सूक्ष्मदर्शकाची त्यांनी विभागाकडून परवानगी घेतली आहे, आणि माझ्या नळ्या मागितल्या आहेत. या वेळी मला विचारून. मी दिल्या आहेत. तपासायला त्यांना हवी तेवढी वर्षे मिळोत. प्रकृती धडधाकट राहो, नजर आत्ता आहे तशीच राहो. माझे प्रथिन खरे ठरले तर ते त्यांच्या तोंडून ऐकायचे आहे, आणि खोटे ठरले तर पहिली शंका त्यांचीच असावी.