आडव्या स्क्रूचा नट

कुठलीही वस्तू हातात आली की तो ती दोन बोटांत धरून आधी हलवून बघायचा. कपाचा कान, दाराची कडी, खुर्चीचा पाय. मग मान वाकडी करून सांगायचा, "ढिलं आहे." आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा चहाला तोंड लावायच्या आधी त्याने आमचं टेबल हलवलं. मला तिथेच तो आवडला नाही. असा एखादा तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. आपल्या घरात काय ढिलं आहे ते त्याला आपल्याआधी कळतं.

आमची बिल्डिंग भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे. तो समोरच्या दारात. टेलिफोनच्या ऑफिसातून रिटायर झालेला, लग्न न केलेला. नाव घेत नाही. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, ह्याने घरात सीएनसी बनवायला घेतलं. म्हणजे कंप्युटरवर चालणारं, लाकडावर आपोआप अक्षरं कोरणारं मशीन. सगळं मोबाईलवर व्हिडिओ बघून. मी चौथी शिकलेला, पस्तीस वर्षं गाळ्यात लेथवर लोखंड कातलेला माणूस. मला हसू आलं.

मशीनचा गाडा कशाने सरकवायचा, ह्यावर तो तीन महिने अडून होता. रबरी पट्टा, दात्यांची पट्टी, साधा स्क्रू, की आत छर्रे फिरतात तो बॉलस्क्रू. त्याच्या टेबलावर मशीन पसरलेलं, म्हणून नमुने घेऊन चार वाजता आमच्याकडे यायचा. आणि विचारायचा कुणाला? माझ्या बायकोला.

वत्सला घरी शिवणकाम करायची. ती म्हणाली, भाऊ, पट्टाच लावा, माझ्या मशीनचा पट्टा बारा वर्षांत कुरकुरला नाही. तो हसला नाही, हीच त्याची चलाखी. "वहिनी, तुमचं चाक एकाच बाजूला फिरतं," तो म्हणाला. "हा गाडा जातो आणि परत येतो. जाताना सगळं नीट जातं. परत येताना बघायचं." हे वाक्य तो दिवसातून दहादा बोलायचा. पट्टा ताणतो, दात्यांची पट्टी मोठ्या मशीनला ठीक, बॉलस्क्रूत भुसा गेला की छर्रे अडतात, असं करत करत शेवटी साध्या स्क्रूवर आला. मी पहिल्या दिवशीच हे सांगितलं असतं. पण मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो. तेवढंच येतं मला.

खरं लिहितो. मी जळत होतो. तो येणार त्या दिवशी चहात आलं असायचं, एरवी नाही. लेथवर आटे कसे पाडतात हे तिने मला एकेचाळीस वर्षांत विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, ते सोडा. आता जेवताना ती मला सांगायची की छर्रे फिरून परत जागेवर कसे येतात. मला. आटे पाडून ज्याची बोटं वाकडी झाली त्याला. त्यात तिची तब्येत उतरत चाललेली. घरातलं हसणं संपलं होतं, ते चार वाजता परत यायचं, आणि माझ्यासाठी नाही.

तिचं एकच मागणं होतं. मशीन चाललं की पहिली पाटी तिच्या नावाची. "दारावर आजवर ह्यांचंच नाव आहे," ती त्याला म्हणाली. "माझं मला बघून जायचंय."

आडव्या स्क्रूसोबत आलेला नट, ज्याला गाडा जोडायचा, तो तडकलेला निघाला. तो म्हणाला, मिस्त्री, पितळेचा एक करून द्याल का? वत्सला माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. गाळ्यावर गेलो, शेठला विचारून माझ्या जुन्या लेथवर नट केला. स्क्रूवर लोण्यासारखा फिरला, जरा हलेल तर शप्पत. मग मी आतून आणखी एक कट घेतला. केसभर. हात चुकला नव्हता.

त्याने नट स्क्रूवर चढवला आणि दोन बोटांनी हलवला. मी 'ढिलं आहे'ची वाट बघत उभा. त्याने नट परत उतरवला. माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "बसवतो."

पाटी झाली. गाडा जिथे उलटा वळला तिथे 'व'च्या पोटाला पायरी पडलेली, गोल मिटलाच नव्हता. तो म्हणाला, दुसरी करतो. वत्सलाने पाटी सोडली नाही. तिच्यावरून बोट फिरवत राहिली आणि दारावर माझ्या नावाच्या वर त्याच्याकडून लावून घेतली. दोन महिन्यांनी ती गेली.

पुढे महिनाभराने मी नवा नट केला. नीट. तो घेऊन समोरच्या दारात गेलो. त्याने हलवून बघितला. "हा घट्ट आहे."

"पहिला ढिला होता," मी म्हटलं.

"माहीत होतं."

"मग बसवलात कशाला?"

त्याने नवा नट टेबलावर ठेवला. म्हणाला, "त्याच दिवशी वहिनींना दाखवला होता. म्हटलं, मिस्त्रींची चूक झालेली दिसते, परत देऊ का. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, त्यांचा हात चुकत नाही. जळतायत ते. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यापायी जळतायत. तोच बसवा."

मी नट तिथेच ठेवून घरी आलो.

मागल्या वर्षी तो पुतण्याकडे नाशिकला गेला. मशीन सोबत नेलं, माझा चांगला नटही. जाताना विचारलं, पाटी नवी करून देऊ? मी नको म्हटलं. त्याच्या घरात आता भाडेकरू आहेत, बरे आहेत, कुणाचं टेबल हलवत नाहीत.

पण ती हसली ते त्याने बघितलं. ते वाक्य तिने त्याला सांगितलं, मला नाही. मी त्या वेळी पेपरमागे होतो की बाहेर, तेही आठवत नाही. त्यावरून मी अजून जळतो.

बाहेरून आलो की कुलूप काढायच्या आधी पाटी दोन बोटांत धरून हलवतो. जरासुद्धा हलत नाही. चारही स्क्रू त्याने आवळलेले आहेत.