बारामती फक्त पन्नास किलोमीटर

दुकानातला माल संपतो, किस्से मात्र साठत जातात. नव्वदच्या दशकात इंदापूरच्या स्टँडजवळ तात्यांचं मोटार-पंपांचं दुकान होतं आणि मी तिथं जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायचो. कंपनीची एजन्सी बारामतीला, त्यामुळे साधा नट आणायचा तरी तिकडं पळा! तात्यांना एजन्सी इंदापूरला हवी होती. ती मिळाली नाही तर दुकानाला कुलूप लागणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

*

बावड्याच्या आबांची नवीकोरी मोटार जळाली. गॅरंटीतली म्हणून तात्यांनी बारामतीला फोन लावला. तिथला डीलर म्हणाला, घेऊन या इकडं, पन्नास किलोमीटर म्हणजे काय लांब?

तात्या म्हणाले, "मग तुमीच या की."

आला नाही. तोवर आबांचा ऊस वाळायला लागला. शेवटी मोटार मीच भरली.

*

चिडून तात्यांनी एकदा बेरिंग थेट पुण्याहून मागवलं. तिकडं एसटीच्या ड्रायव्हरकडं पार्सल द्यायचं, इकडं आपण स्टँडवर उभं राहायचं, अशी पद्धत. नेमका मी चहाला गेलो आणि ड्रायव्हरही विसरला! बेरिंग सोलापूर बघून दुसऱ्या दिवशी परत आलं.

मला शिव्या बसतील असं वाटलं होतं. तात्या एवढंच म्हणाले, "मधी इंदापूर हाय, हे रोजच्या ड्रायव्हरला आठवंना, तर कंपनीला काय आठवणार?"

*

शेजारच्या टायरवाल्यानं सल्ला दिला, दुकान बारामतीला हलवा, तिकडं एमआयडीसी वाढतेय.

"हलवतो की," तात्या म्हणाले. "आधी हितल्या विहिरी हलव."

मला मात्र संतापच यायचा. रस्ता दोन्हीकडून सारखाच लांब, पण जायचं दरवेळी आम्हीच!

*

शेवटी एजन्सीचा निकाल द्यायला पुण्याहून कंपनीचे साहेब आले. बाकावर चारजण जळक्या मोटारी घेऊन बसले होते, त्यांच्याकडं साहेबांनी पाहिलंही नाही. काउंटरवर नकाशा पसरला, कंपासचं टोक बारामतीवर रोवलं आणि वर्तुळ काढलं. इंदापूर आत आलं. एका वर्तुळात एकच एजन्सी, असा कंपनीचा नियम असल्याचं त्यांनी सांगितलं.

तात्यांनी नकाशा नीट बघितला. मग साहेबांच्या हातातला कंपास घेतला आणि त्याचं टोक इंदापुरात दाबलं.

"आता फिरवा, सायेब."