ऊन सोसत नाही

चंद्रपूरच्या मुलीला "तुला ऊन सोसायचं नाही" असं सांगणारा माणूस एक तर खुळा असतो, नाही तर लबाड. यमुनाबाईंचे यजमान मुरलीधर काही खुळे नव्हते.

गोष्ट १९७९ची. केनियाची सहल दोघांनी मिळून ठरवली होती. नेमक्या तेव्हाच मुरलीधरच्या आई या दोघांच्या इंग्लंडमधल्या घरी, कॉव्हेंट्रीला, राहायला आल्या. त्यांच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं, म्हणून यमुनाबाई थांबल्या आणि त्यांच्या जागी मुरलीधरचा मित्र जयंत गेला. "तसंही तुला ऊन सोसायचं नाही," नवरा बॅग उचलता उचलता म्हणाला. भर मे महिन्यात माहेरच्या गच्चीवर अनवाणी पायांनी पापड वाळत घालणाऱ्या बाईला! पुढे केनियाहून सिंहाचं पोस्टकार्ड आलं, तेसुद्धा सासूबाईंच्या नावाने. तळाशी लिहिलं होतं, 'यमुनालाही सांग.'

बाईंनी तेव्हा मिठाची गुळणी धरली. पण राग गिळला म्हणजे पचतो थोडाच? त्यानंतर पंचवीस वर्षं घरी कुणीही आलं की मुरलीधरनी पाहिलेल्या सिंहाची गोष्ट व्हायची आणि चहा बाईंनी आणायचा. बरं, सिंह तरी एका जागी राहावा! आधी तो नदीपलीकडे होता, मग जीपशेजारी आला, आणि अलीकडे तर मेला बॉनेटवर पंजा ठेवायला लागला होता.

२००४च्या शेवटी बाई कौन्सिलच्या लायब्ररीतून रिटायर झाल्या आणि पहिल्याच सोमवारी ट्रॅव्हल एजंटकडून ब्रोशर्स घेऊन आल्या.

"सफारी बुक करतेय. दोन जागा," त्यांनी जाहीर केलं.

मुरलीधर खूश! "मसाई माराच घे. काय हिरवंगार आहे!"

"हिरवं इथे काय कमी आहे? मी सांबुरू घेतेय. उत्तरेला, रखरखीत."

ब्रोशरमधला सांबुरूचा फोटो बाई पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या. लाल माती, आटलेल्या नदीची वाळू, काटेरी बाभळी आणि मागच्या पायांवर उभं राहून पाला ओरबाडणारं लांब मानेचं हरीण. ते हरीण सोडलं तर सगळं माहेरचंच. तिथलं ऊन त्यांना अंगावर घ्यायचं होतं. आणि त्याबरोबर जुनं उट्टंही काढायचं होतं. खोटं कशाला बोला?

दुसरी जागा कुणाची, हे मुरलीधरनी विचारलं नाही. कशाला विचारतील? स्वतःचा पासपोर्ट कुठल्या खणात असतो हेसुद्धा या माणसाला ठाऊक नव्हतं. "इंजेक्शनं कधी घ्यायची गं?" एकदा त्यांनी विचारलं. "बघते ना मी," बाई म्हणाल्या, आणि ते पुन्हा टीव्हीकडे वळले. उलट ७९ सालचा खाकी सफारी सूट त्यांनी माळ्यावरून काढला. तो पोटावर बसेना. बाईंनी शिवणी उसवल्या, कंबर ढिली केली, निघालेलं बटण लावलं आणि इस्त्रीही करून दिली. असं मन लावून शिवणकाम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

जानेवारीत महाराष्ट्र मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. मुरलीधर सफारी सूट घालूनच हॉलमध्ये गेले. बाहेर गारठा, आणि हे अर्ध्या बाह्यांत! सिंहाने बॉनेटवर पंजा ठेवला, शेजारी बसलेल्या जयंतने मान डोलावली, तेवढ्यात मंडळाच्या सेक्रेटरी स्वातीने विचारलं, "मग काका-काकू, कधी निघताय?"

"येत्या शनिवारी," यमुनाबाई वाटीतला तिळगूळ पुढे करत म्हणाल्या. "मी आणि नीना."

नीना म्हणजे जयंतची बायको. ७९ साली तीही घरीच राहिली होती, कडेवर सहा महिन्यांचं मूल घेऊन. कोपऱ्यात ती शांतपणे हलवा खात बसली होती. जयंतची मान डोलायची थांबली.

"आणि मी?" मुरलीधरच्या तोंडून कसंबसं निघालं.

"अहो, तुम्हाला ऊन सोसायचं नाही," बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "माझं काय, मला सोसायची सवय आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग हॉलभर हशा पिकला.

गाडीत मुरलीधरनी हीटर वाढवला. मग म्हणाले, "एवढी वर्षं मनात धरून ठेवलंस?"

"घरातलं सगळं मीच तर लक्षात ठेवते. हेही ठेवलं."

"निदान लोकांसमोर तरी..."

"सिंहाची गोष्ट कुणासमोर सांगत होतात?"

शनिवारी पावसात टॅक्सी आली. फ्रीजरमध्ये डबे भरून ठेवले होते, आमटी वेगळी, भाजी वेगळी. मुरलीधर दारापर्यंत आले. सॉरी म्हणतील असं बाईंना क्षणभर वाटलं. ते म्हणाले, "मायक्रोवेव्ह किती मिनिटं लावायचा?" बाईंनी टॅक्सीचं दार ओढून घेतलं.

बाई परतायच्या आदल्या दिवशी जयंत पोस्टकार्ड घेऊन मुरलीधरकडे आला. कार्डावर लांब मानेचं हरीण होतं. पत्ता जयंतचा, अक्षर यमुनाबाईंचं.

'भावोजी, इथे ऊन मस्त आहे. ह्यांनाही सांगा.'