राखणीचा कोंबडा

कोंबडा टेबलावर उताणा होता आणि मी त्याच्या गळ्याखालच्या पिशवीतून सुंभाचे तुकडे ओढून काढत होतो, तेव्हा आमच्या जनावरांच्या दवाखान्यासमोर खात्याच्या पुण्याच्या साहेबांची जीप थांबली. ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. कोंबडा खाल्लेलं आधी त्या पिशवीत साठवतो. ती तुंबली की भरल्या पोटी उपाशी मरतो. उपाय एकच: चिरा, रिकामी करा, शिवा.

साहेब जीवदयेवर भाषणं देत. मी जन्माने शाकाहारी आणि बदलीने मासेखाऊ, त्यामुळे गप्प ऐकत असे.

मी टाके घातले, अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. साहेब गहिवरले.

"एका मुक्या जिवासाठी हे आजोबा पालीहून एस.टी.ने आले! माणूस मुळात दयाळूच. काय आजोबा?"

"व्हय सायब," कोंबड्याचे मालक धोंडूतात्या म्हणाले. "आयतवारपातूर बरा व्हायला हवा. राखण हाय."

राखण म्हणजे शेत राखणाऱ्या देवाला दरवर्षी द्यायचा लाल कोंबडा. देव मान घेतो, रस्सा घरचे घेतात.

"म्हणजे कापणार? मग वाचवला कशाला?"

"आजारी कोंबडा देवाला कसा चालंल?"

साहेब खुर्चीत बसले. आता मला बोलणं भाग होतं.

"तात्या, औषध मांसात उतरतं. दहा दिवस हा खायचा नाही."

"आनि आता सांगताव? लेक मुंबैहून तेवढ्यासाठी आलाय. सोमवारी त्याची ड्युटी. राखण चुकली नि घरात कुनाला काय झालं, तर तुमी येनार काय दाक्तर?"

चूक माझी होती. कोंबडा कशासाठी हवाय, हे मी विचारलंच नव्हतं.

साहेब ताडकन उठले. "हा जीव मी जाऊ देणार नाही. आपल्या कुक्कुट केंद्रात लाल नर आहेत ना? यांना एक द्या. हा केंद्रात राहील."

मी कागद केला: 'वाणसुधारणेसाठी एक नर, अदलाबदलीने.' साहेबांनी लफ्फेदार सही केली.

तात्यांनी सरकारी कोंबडा पायांना धरून तोलून पाहिला. "माज्या कोंबड्यापरास भरतो. सायब, आयतवारी जेवायला या."

"छे, मी तसलं खात नाही," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसताना मला ऐकवलं, "पाहिलंत? मनात आणलं की एक जीव वाचतो."

मी मान डोलावली. नोकरीत ती सवय लागते.

रविवारी राखण झाली. सोमवारी तात्यांचा लेक वेळेवर कामावर हजर झाला. जेवायला मी गेलो होतो. रस्सा उत्तम होता.

माणसाला दया येते ती टेबलावरच्या कोंबड्याची. कागदावरच्या कोंबड्याला फक्त जावक क्रमांक मिळतो.