तीनचा तास

दवाखान्यात आयाचं काम करता करता हंसाबाईंचे केस पांढरे झाले, आणि तेवढ्या वर्षांत वाईट बातमी कशी येते हे त्यांना पुरतं कळलं होतं. ती एकदम येत नाही. आधी पाण्याचा ग्लास येतो. मग कोणीतरी स्टूल पुढं सरकवतं. मग डॉक्टर हळू आवाजात विचारतात, “तुमच्यासोबत कोण आहे?” एवढं झालं की समजायचं. हंसाबाईंनी स्वतःच्या हातानं किती जणांपुढं तो ग्लास धरला होता. घेणारा बिचारा गटागट पिऊन टाकायचा. त्याला वाटायचं, बाई मायाळू आहे.

म्हणून परवा घाटंजीतला जो तो त्यांच्याशी गोड बोलायला लागला, तेव्हापासून त्या कोणाच्या घरी पाणीसुद्धा घेत नव्हत्या.

परवा सकाळी फोन आला होता, तोही सुनेला. त्यांचा मुलगा अनुग्रह ज्या मालवाहू जहाजावर होता ते आफ्रिकेच्या बाजूला तुफानात सापडलं, आतला माल एका अंगाला सरकला, जहाज कलंडलं. माणसांनी जहाज सोडलं असावं. शोध चालू आहे. कंपनीच्या माणसानं हिंदीत एवढंच सांगितलं आणि “फोन चालू ठेवा” म्हणाला. त्याच जहाजावर बोरी अरबचा साकेतही होता. दोघांनी बरोबरच कोर्स केलेला, बरोबरच इंजिनात तेल घालायच्या कामाला लागलेले.

हंसाबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे वाघाडी नदीचा पूर. पण मागं एकदा पोरानं व्हिडिओवर जहाजाचं पोट दाखवलं होतं. लोखंडी जिना खाली, आणखी खाली, आणि तिथं भट्टीसारखा उजेड. “माय, इथं आमी पान्याच्या खाली असतो,” तो हसत म्हणाला होता. “कान लावला तं समुद्र बाहेरून पत्र्याले घासते ते आयकू येते.” त्याला ती गंमत वाटली होती. हंसाबाईंना त्यानंतर कित्येक दिवस भिंतीकडे पाठ करून झोपता आलं नव्हतं.

बातमी आली त्या संध्याकाळीच मंडळीनं साखळी प्रार्थना धरली. चर्चमधलं एकेक घर एकेक तास घेणार. दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका, देवापुढं कोणीतरी गुडघ्यावर असलंच पाहिजे. आपला तास झाला की पुढच्या घराला मिस्ड कॉल द्यायचा. तिकडं घंटी वाजून बंद झाली की त्या घरानं सुरू करायचं. साखळी तुटू द्यायची नाही.

सून वैष्णवी उमरखेडची, हिंदू घरातली. लग्न मनानं केलेलं. बाप्तिस्मा तिनं घेतला नव्हता आणि अनुग्रहनं कधी आग्रह धरला नव्हता. बसस्टँडच्या मागं तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं, मागच्या खोलीत संसार. ती चर्चच्या दारात येऊन म्हणाली, “मलाबी एक तास द्या.”

मंडळीतल्या पंचफुलाबाईंनी डोळे वर केले. “तिले आपली प्रार्थना येते तरी काय वो?”

पाळकसाहेब म्हणाले, “नवऱ्यासाठी रडता येते न? तेवढं पुरे.”

खरं सांगायचं तर पंचफुलाबाईंचा प्रश्न हंसाबाईंच्याही मनात येऊन गेला होता. त्यांनी वैष्णवीला दुपारचा दोनचा तास दिला आणि स्वतःकडे तीनचा ठेवला. आपल्या लगेच आधीची कडी आपल्या नजरेत राहील, असा त्यांचा हिशोब.

आज तीन वाजून गेले आणि फोन वाजला नाही.

हंसाबाई चटईवर बसून होत्या. फोन गुडघ्यापाशी. बटनांचा जुना फोन, मधूनच बिघडतो, म्हणून त्यांनी उचलून पाहिला. रेंजच्या कांड्या पूर्ण होत्या. आणखी थोडा वेळ गेला. शेवटी त्यांनीच वैष्णवीला लावला. आतली बाई गोड आवाजात म्हणाली, आपण ज्यांना फोन केला आहे त्यांचा फोन बंद आहे.

फोन बंद? कंपनीनं चालू ठेवायला सांगितलेला, पोराची खबर ज्यावर यायची तोच फोन?

याचा अर्थ एकच. फोन येऊन गेला. तिला कळलं. आणि ती आता म्हाताऱ्या सासूला कोणत्या तोंडानं सांगू म्हणून बसली आहे.

त्यांनी चपला घातल्या आणि दार तसंच लोटून निघाल्या. बाहेर मार्चचं ऊन पांढरंफटक पडलं होतं, त्यात आठवडी बाजार. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पालं ठोकलेली, मिरच्यांचे ढीग, तुरीची डाळ, प्लास्टिकच्या बादल्या. नेहमी ज्या बाजारात हंसाबाई अर्धा तास भाव करायच्या, तिथून आज त्या मान खाली घालून चालल्या होत्या. चेहऱ्यांकडे पाहायची त्यांना भीती वाटत होती. यातल्या कोणाला आधीच माहीत असेल तर?

“बाई, ओ बाई!” भाजीवाली ओरडली. “काई समजलं काय पोराचं?”

“नाई व.”

“येईन, येईन. देव हाय.” आणि तिनं न मागता सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मोठी जुडी त्यांच्या पिशवीत कोंबली. “राहू द्या. पैशाचं काय घेऊन बसल्या?”

हीच भाजीवाली मागच्या बाजारी एका रुपयासाठी त्यांच्याशी भांडली होती. माहीत आहे हिला. सगळ्यांना माहीत आहे.

त्या भराभर चालू लागल्या. चालता चालता त्यांनी प्रार्थना सुरू केली, कारण तास तर त्यांचा होता, कडी तुटली असेल तर त्यांनाच जोडायची होती. पण शब्दच सापडेनात. रविवारच्या शाळेत त्या मुलांना बायबलातली होडीची गोष्ट सांगायच्या. तुफान सुटलेलं, शिष्य घाबरलेले आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला. पोरं दर वेळी विचारायची, “बाई, त्याले झोप कशी आली?” आणि त्या हसायच्या. आज भर बाजारातून जाताना त्यांच्या तोंडून निघालं, “झोपला काय तू? ऊठ न. ऊठ.” शेजारून जाणाऱ्या माणसानं वळून पाहिलं.

बसस्टँडपाशी हरिसिंग आपली काळी-पिवळी जीप भरायच्या खटपटीत होता. “यवतमाळ, यवतमाळ! या बाई, तुमाले पुढची सीट.” मग त्यांचा चेहरा पाहून त्यानं हाक मारणं थांबवलं. “काय झालं, बाई? सोडून देऊ काय कुठं?”

“काई नाई रे बापू. इथंच जायचं हाय.”

“मी हावोच इथं. लागलं तं सांगा.”

तोही गोड बोलला. हंसाबाईंना वाटलं, आता कोणीतरी शिवी तरी द्यावी आपल्याला.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. त्या वाकून आत शिरल्या. अंधारात आधी काही दिसेना. मग दिसली ती मशीनजवळ फरशीवर, भिंतीला टेकून बसलेली वैष्णवी. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मांडीवर फोन, काळा पडलेला.

“माय,” ती दचकून उठली. “तुम्ही उन्हात कशाला आल्या? बसा. पाणी आणते.”

“नको!” हंसाबाई इतक्या जोरात ओरडल्या की ती जागीच थांबली. “पानी नको मले. स्टूल बी नको. जे असन ते सांग.”

“काय सांगू?”

“फोन आलता न? काय म्हनले?”

वैष्णवीनं मान हलवली. “फोन नाही आला, माय.”

“मंग बंद कायले ठेवला?”

ती पुन्हा खाली बसली. बोटानं फरशीवरचे दोरे गोळा करत राहिली. मग म्हणाली, “दोन वाजता मी बसले. मला तुमच्यासारखं येत नाही, माय. मी नुसतं म्हणत होते, राहू दे त्याला, राहू दे. मधातच फोन वाजला. अनोळखी नंबर, लांबलचक. माझा हातच उठेना. वाजून वाजून बंद झाला. म्हटलं, पुन्हा वाजला आणि उचलला तर… तर मग झालं. नाही उचलला तोवर काहीच झालेलं नाही. म्हणून बंदच करून टाकला.” ती एकदम रडायला लागली. “तुम्हाला मिस्ड कॉल द्यायला चालू करावा लागला असता. मला नाही जमलं. साखळी तुटली, माय. माझ्यामुळं तुटली.”

हंसाबाईंचा हात वर गेला होता. मारायला की कशाला, त्यांनाही कळलं नाही. तो त्यांनी तिच्या डोक्यावर टेकवला आणि मग तिच्याजवळ खाली बसल्या. या पोरीची भीती त्यांना शब्द न् शब्द ओळखीची होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात अशीच माणसं डॉक्टर दिसले की संडासात जाऊन लपायची.

“चालू कर.”

“नाही, माय.”

“आण इकडं. कुठलं दाबू?”

वैष्णवीनं तोंड फिरवलं आणि फोन त्यांच्याकडे सरकवला. “बाजूचं बटन. दाबून धरा.”

पडदा उजळला. काही क्षण शांत. मग एकामागून एक टणटण आवाज येऊ लागले. तोच लांब नंबर, पुन्हा तोच, पुन्हा तोच. दोघी त्या उजेडाकडे विंचू पाहावा तशा पाहत होत्या. आणि तेवढ्यात फोन हातातच थरथरून वाजला.

हंसाबाईंनी कानाला लावला.

“हैलो, वैष्णवी मैडम?” कंपनीचाच माणूस. “मैडम, आपके साथ कोई है क्या?”

त्यांच्या डोळ्यांपुढं दवाखान्याची हिरवी भिंत आली. एवढी वर्षं ज्या वाक्याची भीती बाळगली तेच वाक्य. “हाय,” त्या म्हणाल्या. “मी त्याची माय बोलते. सांगा.”

“माताजी, आप हैं, बहुत अच्छा हुआ. दूसरे जहाज से बात करानी है, लाइन एक ही बार मिलेगी. दोनों सुन लीजिए. पकड़े रहिए.”

खरखर झाली. समुद्राचा म्हणतात तसा काहीतरी घुमणारा आवाज. मग कोणीतरी खोकलं.

“माय?”

हा आवाज अनुग्रहचा नाही, असंच त्यांना आधी वाटलं. घोगरा, फाटलेला, म्हाताऱ्यासारखा. वैष्णवीनं झडप घालून फोनला कान भिडवला आणि तिच्या तोंडून नुसता हुंदका बाहेर पडला.

“बोल रे राजा. बोल.”

“वाचलो, माय. दुसऱ्या जहाजानं उचललं. रबराच्या तराफ्यावर होतो.” तो थांबत थांबत बोलत होता. “मी चहा आनाले वर गेलतो. तेवढ्यात जहाज कलंडलं. जिना पान्यात गेला. खालचे तिघं वर आलेच नाईत.”

“प्रार्थना केली न रे?” हे काय विचारतेय मी, असं त्यांना विचारता विचारताच वाटलं.

“नाई झाली. काईच आठवे ना. तराफ्यावर एक केरळचा बुढा होता, तो मोठमोठ्यानं त्याच्या भाषेत म्हने. मले काई समजत नोहतं. मी नुसतं आमेन म्हनत होतो. लाट आली का आमेन. लाट आली का आमेन.” श्वास घेतल्याचा आवाज आला. “माय, साकेत खालीच होता.”

हंसाबाईंनी फोन कानाशी आणखी दाबला.

“कंपनी सांजेले त्याच्या घरी फोन करनार हाय. फोन त्याचा बाप उचलन नाई तं लहान भाऊ. त्याच्या मायले असं फोनवर नको समजू दे. तू जा. तुले येते हे सगळं. दवाखान्यात तू…”

आणि लाइन तुटली.

तुले येते. हंसाबाईंना येत होतं ते ग्लास धरणं आणि पडणाऱ्याला सावरणं. बोलायचं काम दर वेळी डॉक्टरांचं असायचं. ते बोलून निघून जायचे आणि मग हंसाबाई पुढं व्हायच्या. तोंडानं ते वाक्य त्यांनी उभ्या जन्मात कधी उच्चारलं नव्हतं.

वैष्णवी हसत होती, रडत होती, त्यांच्या खांद्याला धरून हलवत होती. “आहे, माय! तो आहे!”

“हाव. हाय.” त्यांनी तिचे डोळे आपल्या पदरानं पुसले. “पाळकसाहेबाले फोन लाव. म्हन, साखळी थांबवू नका, आता बोरीच्या माउलीसाठी करा. अन् चाल माह्यासंगं. एकटीनं नाई होनार मले.”

हरिसिंगनं चार उतारू खाली उतरवले आणि गाडी काढली. काय झालं ते समजल्यावर त्यानं वाटेत एकही उतारू घेतला नाही. यवतमाळ मागं पडलं. दोन्ही अंगांना कपाशीची पऱ्हाटी उपटलेली मोकळी शेतं, कडेला पळस पेटलेला. हंसाबाई ओठ हलवत बसल्या होत्या. वैष्णवीला वाटलं, प्रार्थना चालली आहे. त्या वाक्य जुळवत होत्या. एकही वाक्य शेवटापर्यंत जात नव्हतं.

बोरीत घर विचारावं लागलं नाही. गाडी थांबली तसं पोरांनीच दाखवलं. अजून कंपनीचा फोन आलेला नव्हता, हे दारातूनच कळलं. अंगणात ऊन कलतं झालं होतं आणि साकेतची आई, भागीरथाबाई, ताडपत्रीवर तूर पाखडत होत्या. घरधनी विठ्ठलराव शेतातून यायचे होते. अनोळखी बायका पाहून भागीरथाबाईंनी सूप खाली ठेवलं.

“मी घाटंजीची. अनुग्रहची माय.”

“अवो बाई!” भागीरथाबाई धडपडत उठल्या. “साकेतच्या तोंडून तुमचं किती आयकलं आमी. दोघं संगंच असतीन न? समजलं काय काई पोरायचं?”

“समजलं,” हंसाबाई म्हणाल्या. “माहा हाय. दुसऱ्या जहाजावर हाय.”

भागीरथाबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. चेहऱ्यावर खराच आनंद आला, दुसरीच्या पोराचा. मग तो आनंद तसाच राहिला आणि त्यातले डोळे मात्र हंसाबाईंच्या डोळ्यांत काहीतरी शोधू लागले.

“अन् माहा?”

हंसाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना ताडपत्रीवर बसवलं. तुरीच्या ढिगाशेजारी स्वतः बसल्या आणि बोलायला तोंड उघडलं.