सई आज अमेरिकन कथेबद्दल बोलली

वेरिबीकर मंडळी, आज इतकं छान वाटतंय की लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

दर शनिवारी मी आपल्या वेरिबीच्या लायब्ररीत सहा मराठी मुलांबरोबर एक अमेरिकन कथा वाचते. नव्या वर्षात ही मुलं हायस्कूलला जातील. तिथे नुसतं वाचून भागत नाही, आपलं मत मांडावं लागतं आणि ते कशावरून, हेही दाखवावं लागतं.

त्यातली सई आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून आली. शाळेत ती तोंडच उघडत नाही, म्हणून तिची आई काळजीत होती.

आजच्या कथेत एक मुलगी नव्या गावात राहायला येते आणि आपल्या सामानाचं खोकं उघडायलाच तयार होत नाही.

"शी इज सो रूड टू हर मम," अर्जुन म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात सई म्हणाली, "नो. शी इज नॉट रूड."

"कशावरून गं?" मी विचारलं.

तिने पानावर बोट ठेवलं. "हे बघ ना मावशी, ती खोक्यावर हात ठेवून झोपते. इफ शी ओपन्स इट, देन शी लिव्ह्स हिअर फॉरेव्हर."

अर्जुनने ते वाक्य पुन्हा वाचलं. "ओके, फेअर इनफ."

बाहेर कार पार्कमध्ये मी हे तिच्या आईला सांगितलं. तिने शेजारी उभ्या असलेल्या सईकडे पाहिलं. मग म्हणाली, "अगं, पुण्याहून आणलेली तिचीही एक बॅग अजून तशीच बंद पडून आहे. मी रोज तिला आळशी म्हणून ओरडते."

मग तिने सईला जवळ घेतलं, आणि दोघी बराच वेळ तिथेच बोलत उभ्या राहिल्या.

तुमच्या मुलांनी मनातलं असं कधी, कशाच्या निमित्ताने सांगितलं?