गाळलेली मारहाण

अठराव्या शतकातल्या एका किरकोळ इंग्रज लेखकावर मी न्युरेम्बर्गला पीएचडी करत होते. जर्मन कादंबऱ्यांची भाषांतरं करून त्याने जन्मभर पोट भरलं, आणि नवरा बायकोला बडवतो ती पानं दरवेळी गाळली. का, तर वाचक नाराज होतील. माझं डोकं फिरायचं.

एका संध्याकाळी शेजारच्या मराठी घरात पोलीस आले. सुनेला जर्मन येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. तिचा ओठ फाटला होता, गळ्यावर बोटांचे वळ होते. "ह्यांनी गळा दाबला, डोकं भिंतीवर आपटलं," ती म्हणाली. सासूबाई माझ्या कानात पुटपुटल्या, "अगं, तेवढं गाळ. घरातलं आहे."

मी पोलिसांना शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. सासूबाईंचाही.